तिला वाटलं, माळीच आहे

रविवार, २४ मार्च २०२४

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी बडनेऱ्याला उतरले आणि अमरावतीच्या स्टँडवर परतवाड्याची एसटी धरली. वलगावला २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला. तिथून बस जाताना माझे वडील डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घ्यायचे. आम्ही ख्रिस्ती घरातले, पण झाडू आणि देव यांचं नातं मला त्या टोपीनंच पहिल्यांदा शिकवलं. पुढे आसेगावला पूर्णेच्या पात्रात वाळूच जास्त दिसली. मग उत्तरेला गाविलगडच्या डोंगरांची निळी रेघ उमटली आणि बांधाबांधावर पळस पेटलेले दिसायला लागले.

आमचं गाव परतवाड्याच्या पुढे बहिरमच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. चोहीकडे संत्र्याच्या बागा, आणि ख्रिस्ती घरं चाळीसेक. माझी पणजी १९०० च्या दुष्काळात पोरकी झाली, मिशनच्या अनाथाश्रमात वाढली आणि लग्न होऊन या गावात आली. तिच्यापासून आमचं घर देवळात जातं. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात.

पोचायला दुपार झाली. झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारची मिरवणूक सकाळीच होऊन गेली होती. खजुराची झाडं इथे कुठली, म्हणून मुलं ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या तोडतात. देवळाच्या दाराला त्या अजून बांधलेल्या होत्या, उन्हानं टोकं वळली होती. येशू यरुशलेमात शिरला तेव्हा लोकांनी वाटेवर वस्त्रं आणि डहाळ्या अंथरल्या आणि ‘होसान्ना’ म्हणून गजर केला. जयजयकार म्हणून आपण तो शब्द गातो, पण त्याचा मूळ अर्थ ‘आम्हाला वाचव’ असा आहे. राजा येतो तो घोड्यावर. हा गाढवाच्या शिंगरावर बसून आला, आणि पाचच दिवसांत त्याच शहरात ‘याला वधस्तंभावर खिळा’ अशी ओरड झाली.

संध्याकाळी गल्लीत होळी पेटली. पुष्कळांना ठाऊक नसतं की ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार म्हणजे ईस्टर, येशू मेलेल्यांतून उठला तो दिवस. यंदा ती पौर्णिमा म्हणजे आपली होळीपौर्णिमाच. यहुद्यांचा वल्हांडण सणही पौर्णिमेचा, आणि येशूला त्याच सणात धरलं. मी ओट्यावर बसून चंद्राकडे बघत होते. मोठी आई शेजारच्या पोरांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्या घालत होती. वहिनी आत होती.

वहिनी तीन वर्षांपासून आतच असते. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, २०२१ मध्ये गेला. त्यानं स्वतःच जीव दिला. तेव्हापासून ती देवळाची पायरी चढलेली नाही.

सोमवार, २५ मार्च

धुळवड. दुपारपर्यंत रस्त्यावर कुणी नव्हतं, होते ते रंगलेले. मी झोपले.

मंगळवार आणि बुधवार

या दोन दिवसांत उपासना फक्त संध्याकाळी असते, तासाभराची. मंगळवारी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, मार्काच्या शुभवर्तमानातली विधवा घेतली. शुभवर्तमान म्हणजे बायबलातली येशूची कहाणी. मंदिराच्या दानपेटीत श्रीमंत लोक मूठमूठ टाकत होते आणि तिनं दोन छोटी नाणी टाकली, म्हणजे जवळ होतं नव्हतं तेवढं सगळं. येशूनं तिला बघितलं, मरणाच्या दोन-तीन दिवस आधी, डोक्यावर इतकं ओझं असताना. पाळकसाहेब तरुण आहेत, दीड वर्षापूर्वी इथे आले. त्यांनी तिच्या त्यागाचं कौतुक लांबवलं नाही. याच उताऱ्याच्या आधीच्या ओळी त्यांनी पुन्हा वाचून दाखवल्या. तिथे येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कोरडे ओढतो. इतकी वर्षं हा उतारा ऐकला, पण या दोन गोष्टी एकमेकींना लागून आहेत हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

बुधवारी बेथानीची बाई. येशू जेवायला बसलेला असताना ती आली आणि तेलाची कुपी फोडून तिनं ते सगळं त्याच्या मस्तकावर ओतलं. शिष्य रागावले, कारण तीनशे दिनारांचं तेल होतं, मजुराची जवळपास वर्षाची कमाई. आपल्या मराठी बायबलात त्या तेलाला जटामांसी म्हटलंय, आणि ती वनस्पती खरोखर हिमालयातली आहे. म्हणजे आपल्याकडच्या हिमालयातला सुगंध उंटांच्या आणि गलबतांच्या वाटेनं पार यरुशलेमजवळच्या त्या घरापर्यंत गेला. येशू म्हणाला, हिनं माझ्या उत्तरकार्यासाठी मला आधीच तेल लावलं. बाकीचे त्याला राजा करायला निघाले होते. तो मरणार आहे हे या एका बाईला कळलं होतं.

गुरुवार, २८ मार्च

सकाळपासून मोठी आईची मनुकांची गडबड. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, दारू चालत नाही. मनुका आदल्या रात्री भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करून पातळ फडक्यातून गाळायच्या आणि त्या रसाचे छोटे प्याले भरायचे. हे काम पंधरा वर्षं वहिनीकडे होतं. तिच्या हातचा रस माणकासारखा लाल आणि नितळ असायचा. मोठी आईच्या हाताला आता जोर नाही, त्यामुळे रस गढूळ आला. वहिनी चुलीजवळ बसून बघत होती. फडकं घसरायला लागलं तेव्हा तिनं न बोलता एक टोक धरलं, आणि रस गळून झाल्यावर हात धुऊन उठून गेली.

रात्री पाय धुण्याचा विधी झाला. योहान सांगतो, शेवटच्या जेवणाच्या वेळी येशू उठला, कंबरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. ते गुलामाचं काम. पेत्रानं पाय मागे घेतले. दगा देणाऱ्या यहूदानं घेतले नाहीत, आणि त्याचेही धुतले गेले. पाळकसाहेबांनी गुडघे टेकून बारा जणांचे पाय धुतले. त्यात एक कोठाऱ्याच्या कुष्ठरुग्णालयातून बरे होऊन आलेले म्हातारेबुवा होते. त्यांच्या पायाला बोटं नाहीत, आणि तो पाय पाळकसाहेबांनी इतका सावकाश पुसला की सगळं देऊळ गप्प झालं. वडिलांची ती टोपी आठवली.

मग दिवे मालवून गेथशेमानेचा उतारा. गेथशेमाने या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. जैतुनाच्या झाडांची ती बाग. तिथे येशूनं रडून प्रार्थना केली की शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळू दे. म्हणजे मरण त्यालाही नको होतं. मृत्यूला हसत सामोरं जाणाऱ्या वीरांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. हा घामाघूम झाला, घाबरला, मित्रांना म्हणाला जागे राहा, आणि मित्र झोपले.

शुक्रवार, २९ मार्च

बारा ते तीन. टिनाचं छत, चार पंखे, दोनदा लाइट गेली. वधस्तंभावरून येशू जे सात वेळा बोलला त्या सात उद्गारांवर मंडळीतले सात जण बोलतात, आणि मध्ये गीतं. बायका पांढऱ्या साड्यांत. कुणी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही.

चौथा उद्गार माझ्याकडे होता. ‘एली, एली, लमा सबख्तनी.’ माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? सातांतला हा एकच उद्गार मत्तय आणि मार्क दोघांनी लिहिला, आणि ग्रीक भाषेत लिहीत असूनही दोघांनी तो येशूच्या बोलीतच राहू दिला. मरणाच्या वेळी माणूस आईच्या भाषेत ओरडतो. तो बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ म्हणत होता, लहानपणी पाठ केलेली. मी एवढं बोलले आणि मग तयारीत नसलेलं वाक्य तोंडातून आलं: ‘तो जर आपल्या गावचा असता तं म्हणला असता, देवा माह्या, देवा माह्या, मले काहून सोडलं?’ मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला. पुढचं मला नीट बोलता आलं नाही.

सहावा उद्गार ‘पूर्ण झाले आहे’. त्यावर बोलणारे काका पंचायतीत होते. ते म्हणाले, प्रभूनं आपला सातबारा कोरा केला. उपमा चुकीची नाही. येशू स्वतःच म्हणाला होता की मी पुष्कळांच्या खंडणीसाठी आपला जीव द्यायला आलोय. मंडळीनं दोन हजार वर्षांत या मरणाकडे निरनिराळ्या बाजूंनी पाहिलंय. कुणी म्हटलं ही पापाची भरपाई, कुणी म्हटलं वल्हांडणाचा कोकरा, कुणी म्हटलं मरणाच्याच घरात शिरून मरणाला हरवणं. मला एकच एक धरवत नाही, आणि एकही सोडवत नाही. पण ‘सातबारा कोरा’ हे शब्द त्या छताखाली पडले तेव्हा मला दादाचा सातबारा दिसला. सोसायटीचं कर्ज, वर सावकाराचं, चारशे फूट बोअर मारूनही न लागलेलं पाणी, आणि आठ वर्षांची बाग एका उन्हाळ्यात वाळलेली. त्याचा सातबारा कुणी कोरा केला नाही. आणि माती द्यायच्या दिवशी, तेव्हाच्या पाळकांनी अर्धीच प्रार्थना म्हटली. ‘सार्वकालिक जीवनाच्या खात्रीच्या आशेने’ ही ओळ त्यांनी गाळली. आम्ही सगळे तिथे उभे होतो. सगळ्यांनी ती गाळलेली ऐकली, आणि मीही काही बोलले नाही.

तीनला घंटा झाली. लोक न बोलता घरी गेले.

वहिनी अंगणात तुरी पाखडत होती. सुपावरची नजर न काढता तिनं विचारलं, ‘काय बोलल्या, ताई?’

मी सांगितलं. वऱ्हाडीतलं वाक्यही सांगितलं. ती थांबली.

‘देवाच्या पोरानं इचारलं तं ते वचन झालं,’ ती म्हणाली. ‘माह्या माणसानं इचारलं तं त्याची प्रार्थना आखूड झाली.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिच्या शेजारी बसून खडे निवडले. बऱ्याच वेळानं मी एवढंच म्हटलं की शास्त्र तर या प्रश्नाला पापात धरत नाही, ज्यांनी आखूड केली त्यांचं चुकलं, आणि मी गप्प बसले ते माझं चुकलं. ती ‘हं’ म्हणाली.

शनिवार, ३० मार्च

शुभवर्तमानांमध्ये हा दिवस जवळजवळ कोरा आहे. लूक एक वाक्य लिहितो, की आज्ञेप्रमाणे शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या वारी, त्या स्वस्थ राहिल्या. त्या म्हणजे गालीलाहून आलेल्या बायका. अरिमथाईच्या योसेफानं रोमी सुभेदार पिलातापुढे जाऊन शरीर मागितलं. निकदेमानं गंधरस आणि अगरू यांचं मिश्रण आणलं, योहानाच्या मोजानं सुमारे शंभर लित्रा, म्हणजे तीसेक किलो. दोघांनी घाईघाईत त्याला खडकातल्या कबरेत ठेवलं. बायकांनी जागा बघून ठेवली, घरी येऊन सुगंधी द्रव्यं तयार केली, आणि मग दिवसभर काहीच नाही. वाट बघणं तरी कशाची? तो उठेल असं त्यांच्यापैकी कुणाच्याच मनात नव्हतं. त्यांना फक्त राहिलेलं काम पुरं करायचं होतं.

आमच्याकडे या दिवशी कबरी साफ करतात. गावाबाहेर ओढ्यापलीकडे कबरस्तान आहे. रस्त्यावर रंगपंचमीच्या पिचकाऱ्या चालल्या होत्या. वहिनी चुन्याची बादली, कुंचा आणि विळा घेऊन निघाली, मी घागर घेतली. ती इथे दर शनिवारी येते, नुसत्या या एका शनिवारी नव्हे. दादाची कबर कुंपणाच्या कडेला आहे. तिथं एक काडी गवत नव्हतं, तरी ती विळ्यानं कडा सारखी करत राहिली.

वाटेत दादाची बाग लागते. झाडं केव्हाच तोडून सरपणाला गेली, बुंधे राहिलेत. दोन-तीन बुंध्यांना खालून हिरवेगार फुटवे आलेले बघून मी चटकन म्हणाले, ‘वहिनी, हे बघा.’ उद्या ईस्टर, आज बुंध्याला पालवी. माझ्या मनात भाषण तयारच झालं.

‘ते जंबेरी आहे, ताई,’ ती म्हणाली. ‘डोळा भरतात तो जंबेरीवर. संत्रा मेला का खालून जंबेरीच फुटते. लोकं म्हणतात बाग उठली. त्याले संत्रं नाई लागत. तो वरचा डोळा गेला तं गेला.’

जंबेरी म्हणजे लिंबाची एक जात. तिच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कळी, बांधून कलम करतात. मी माझं भाषण गिळलं, आणि बरं झालं. वसंत, पालवी, कोषातून निघणारं फुलपाखरू, असल्या दाखल्यांनी आम्ही पुनरुत्थान फार सोपं करून टाकतो. पालवी दरवर्षी येते, त्यात नवल नाही. मेलेला माणूस आपोआप परत येत नाही हे पहिल्या शतकातल्या लोकांना आपल्याइतकंच पक्कं ठाऊक होतं. ख्रिस्ती माणूस म्हणतो ते यापेक्षा कितीतरी अवघड आहे: जो वरचा डोळा गेला होता तोच देवानं परत जिवंत केला. त्याच शरीरात, खिळ्यांच्या खुणांसकट.

आणि आजच्या दिवसाविषयी मंडळीचा मतांगीकार, म्हणजे उपासनेत म्हणतात ती विश्वासाची कबुली, एक वाक्य म्हणतो, ‘तो अधोलोकात उतरला’. लहानपणी ते मी घोकून म्हणायचे. त्या कुंपणाजवळ चुना लावताना मला पहिल्यांदा त्याचा आधार वाटला. मेलेल्यांच्या जागेत कुठला कोपरा असा उरला नाही जिथे तो गेला नाही. हे मी वहिनीला म्हटलं नाही. तिचा कुंचा चालला होता.

रविवार, ३१ मार्च

पहाटे चारला प्रभातफेरी निघाली. पुढे ढोलकी आणि पेटी, मागे मेणबत्त्या. प्रत्येक दारापुढे थांबून पुढचा ओरडतो, ‘प्रभू उठला आहे!’ आणि घरातून उत्तर येतं, ‘खरोखर उठला आहे!’ आमच्या दारात मोठी आईनं उत्तर दिलं. वहिनी घरात नव्हती.

ती आधीच कबरस्तानात होती, अंधारात, दादाच्या कबरेपाशी. चारी कोपऱ्यांवर मेणबत्त्या लावून, हातानं वारा अडवून बसलेली. फेरी ओढा ओलांडून आली तरी ती उठली नाही. पन्नास-साठ माणसं तिच्याभोवती उभी राहिली. ती देवळात आली नव्हती, पण देऊळच तिच्यापाशी आलं होतं.

पाळकसाहेबांनी योहानाचा विसावा अध्याय वाचला. मग्दालिया मरीया पहाटे अंधार असतानाच कबरेकडे येते. धोंड काढलेली आहे. शरीर नाही. ती रडत उभी राहते. मागे कुणीतरी उभं आहे, आणि तिला वाटतं, माळीच आहे. ती त्याला म्हणते, दादा, तुम्ही त्याला नेलं असेल तर कुठं ठेवलंत ते सांगा, मी त्याला घेऊन जाईन. तो फक्त तिचं नाव घेतो, ‘मरीये’.

मूळ ग्रीकात तिथे ‘महाराज’ अशा अर्थाचा शब्द आहे. पाळकसाहेब ‘दादा’ म्हणाले. मुद्दाम की सहज, मी विचारलं नाही. वहिनीनं मान वर केली.

मला या साक्षीचं नेहमी आश्चर्य वाटतं. त्या काळात बाईच्या साक्षीला वजन नव्हतं. गोष्ट रचायची असती तर पहिला साक्षीदार म्हणून कुणी बाई घेतली नसती. लूक तर लिहितोच की बायकांनी सांगितलं ते प्रेषितांना बरळणं वाटलं. मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांमध्ये शुभवर्तमान अशा जागी थांबतं की बायका थरथरत पळाल्या आणि भीतीमुळे कुणालाच काही बोलल्या नाहीत. त्या पुढे बोलल्या असणारच, नाहीतर आम्हाला कळलं कसं? पण त्या पहिल्या गप्प राहण्यालाही शास्त्रात जागा आहे. आणि पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, जे या घटनेनंतर जेमतेम पंचवीसेक वर्षांत लिहिलं गेलं, सरळ म्हणतं की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे. तिथे पळवाट नाही. सगळं या एका पहाटेवर टांगलेलं आहे.

वाचन संपल्यावर पाळकसाहेब कबरींमधून एकेक नाव घेत चालत गेले. दरवर्षीचा तो रिवाज आहे. कुंपणापाशी आले, दादाचं नाव घेतलं, थांबले. आणि माती देतानाची प्रार्थना म्हणायला लागले, ‘मातीला माती, राखेला राख’, ‘सार्वकालिक जीवनाच्या खात्रीच्या आशेने’ इथपर्यंत आणि त्याच्याही पुढे, पुरी. काय गाळलं होतं ते त्यांना कुणी सांगितलं? मी नाही. मोठी आईनं पदर तोंडाला लावला होता.

मग पूर्वेला डोंगरामागून उजेड आला आणि सगळे ओरडले, ‘प्रभू उठला आहे!’ वहिनीनं उत्तर दिलं नाही. तिनं वितळलेलं मेण चुन्यावरून नखानं खरवडून काढलं.

दुपारी देवळामागे पंगत झाली. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, तूप, वरण, वांग्याची भाजी. बोटं नसलेले म्हातारेबुवा माझ्या शेजारी होते. मी खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या थोमा या शिष्याची गोष्ट काढली, की उठलेल्या प्रभूच्या हातांवरचे व्रण तसेच का राहिले असतील. ते म्हणाले, ‘मायेच्या लोकायनं ओळखावं म्हणून, बाई. मिटले असते तं कोन ओळखलं असतं?’ आणि पुढचा रोडगा कुस्करायला लागले.

सोमवार, १ एप्रिल

वहिनी मला फाट्यापर्यंत सोडायला आली. तीन किलोमीटर. ऑटो होता, पण ती म्हणाली चालू. पिशवी तिनं घेतली. याच दिवसांतली अम्माऊसच्या वाटेवरची गोष्ट मला आठवत होती. दोन शिष्य यरुशलेमहून साठ स्टेडिया, म्हणजे अकराएक किलोमीटर चालत निघाले होते, ‘आम्हाला आशा होती’ असं भूतकाळात बोलत. उठलेला येशूच तिसरा म्हणून येऊन सोबत चालला तरी त्यांनी ओळखला नाही.

पहिला अर्धा रस्ता ती बोलली नाही. मग बोलायला लागली, ती दादाविषयी. तीन वर्षांत पहिल्यांदा. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकेत तो डोळे भरायला शिकला होता. दिवसाला किती कलमं बांधायचा, त्याचा चाकू कसा होता, तो चाकू तिनं कुठे ठेवलाय. मुलगा आता बारावीला आहे आणि त्याला चाकू हवाय, द्यावा की न द्यावा. मी काही म्हटलं नाही. ती विचारत नव्हतीच, सांगत होती.

फाट्यावर रसवंतीच्या सावलीत उभ्या राहिलो. परतवाड्याची गाडी लांबून दिसली. तिनं पिशवी माझ्या हातात दिली, आत संत्री होती, कुणाच्या तरी बागेतली, मृगाच्या बहाराची.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘पुढच्या साली येताना मनुका पुण्याहून आणजा. काळ्या. इथच्या मनुकांचा रस गढूळ येते.’